संध्याकाळपर्यंत परत

मूल ज्या गावात वाढतं ते गाव त्याला आपोआप कळत नाही. पुण्यात तर हे फार जाणवतं. शाळेची बस रोज ठरलेल्या रस्त्यानं जाते, शिकवणी शेजारच्या इमारतीत, खेळ सोसायटीच्या आवारात आणि खरेदी मॉलमध्ये. दहा वर्षांचं मूल कोथरूडला किंवा वाकडला राहून, मुळा आणि मुठा कुठं एकमेकींना मिळतात हे न बघता मोठं होऊ शकतं. त्यात त्याचा काही दोष नाही. नव्या सुनेला आपण थोरल्यांच्या घरी नेतो, पाया पडायला लावतो, कोण कुणाचं कोण ते सांगतो, तशी मुलांची गावाशी गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायची सहल या कामाला सगळ्यात सोयीची. तिला रजा लागत नाही, हॉटेलचं बुकिंग लागत नाही. रात्री आपल्याच अंथरुणावर पाठ टेकायची असते, त्यामुळे तिच्यात गुडघे दुखणारी आजीही येते आणि कडेवरचं मूलही. आमच्या सहलींत माझी आई, बायको, मुलगी आणि बहिणीचा मुलगा अशी मंडळी असतात, आणि आई आली नाही तर सहलीची अर्धी गोडी जाते.

सुरुवात सारसबागेपासून करावी. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवून घेतलं आणि त्यात एक बेट राखलं. त्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. तळं पुढे बुजलं, तिथं बाग झाली, पण पुणेकरांच्या तोंडी तो आजही तळ्यातला गणपतीच आहे. थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात. आमच्या घरातल्या मुलांची या देवाशी पहिली जवळीक त्या स्वेटरमुळे झाली. देवालाही थंडी वाजते आणि त्याचीही काळजी घ्यायची असते, हे त्यांना न सांगता समजलं. आई प्रदक्षिणा घालते तोवर मुलं कमळांच्या पाण्यात मासे शोधतात. नंतर हिरवळीवर बसायचं, बाहेरच्या गाड्यांवरची भेळ खायची.

शेजारीच पेशवे पार्क. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली तेव्हा माझी आई लहान मुलगी होती. तिनं त्या गाडीतून फेरी मारली, पुढे मी मारली आणि माझ्या मुलीनंही मारली. एकाच छोट्या रुळावर तीन पिढ्यांचं बालपण फिरून आलं, ही गोष्ट मला कुठल्याही मोठ्या राइडपेक्षा मोलाची वाटते. माझ्या लहानपणी त्याच आवारात प्राणिसंग्रहालय होतं. तिथला पांढरा वाघ बघायला आम्ही गर्दी करायचो, आणि तो बिचारा लहानशा पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. पुढे ते प्राणी कात्रजला हलवले गेले. आता तिथं वाघ खंदकापलीकडे झाडीत मोकळा असतो. कधी दिसतो, कधी झोपलेला असतो, कधी दिसतही नाही. भाचा पहिल्यांदा हिरमुसला. आई त्याला म्हणाली, "अरे, त्याचं घर आहे ते. आपण गेलो म्हणून त्यानं बाहेर यायलाच हवं का?" हे त्याला पटलं. मग तो बराच वेळ कठड्याला टेकून वाट बघत राहिला, आणि शेवटी गवतातून नुसती शेपटी हलताना दिसली तरी खूश झाला.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मुलं मोजत चढतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. आई थांबत थांबत येते आणि दर वळणावर कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखी बोलायला थांबते. वर गेल्यावर मी मुलांना देऊळ दाखवण्याआधी गाव दाखवतो. आपलं घर कुठल्या बाजूला, नदी कुठून येते, शनिवारवाडा कुठं, आणि हवा स्वच्छ असली तर नैर्ऋत्येला सिंहगड. गावाचा नकाशा मोबाइलवर रोज दिसतो, पण त्यात उंची नसते आणि वाराही नसतो. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ च्या जूनमध्ये याच टेकडीवर प्राण सोडला. मुलीनं हे ऐकून विचारलं, "त्यांना इथून सगळं पुणं दिसत असेल?" दिसत असणार. तेव्हाचं पुणं आजच्या मानानं एवढंसं होतं.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराबद्दल मला फार आत्मीयता आहे. गावाच्या ऐन मध्यात हे लेणं आहे, आणि कितीतरी मुलं रोज त्याच्यासमोरून रिक्षातून जातात ती आत न शिरताच. बाहेर हॉर्न, सिग्नल, कपड्यांची दुकानं. फाटकातून आत येऊन खाली उतरलं की कातळात खोदलेलं अंगण लागतं आणि मधोमध गोल नंदीमंडप दिसतो. जाडजूड चौकोनी खांब, वर एकसंध गोल छत. पुढे गाभाऱ्याकडे गेलं की उन्हाळ्यातही तळपायांना गारवा लागतो. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं हे काम आहे. यात एकही खांब बाहेरून आणून उभा केलेला नाही. कातळ वरून खाली, बाहेरून आत कोरत गेले आणि नको तेवढा काढून टाकला, राहिलं ते देऊळ.

हे मी मुलीला सांगत होतो तेव्हा ती ऐकत नव्हती. ती भिंतीपाशी उभी राहून बोट फिरवत होती. तिथं छिन्नीचे घाव दिसतात, तिरपे, एकाशेजारी एक, हात न थांबवता केलेले. एका घावात तिच्या बोटाचं टोक बरोबर बसलं. मग तिनं विचारलं, "बाबा, खांब कोरताना तुटला असता तर?" या प्रश्नाचं उत्तर देता देता मला त्या कारागिराची छाती कळली. दुसरा खांब आणायची सोय नव्हती. प्रत्येक घाव बसला तो कायमचाच. पुढे ती आतल्या बाजूला गेली आणि तिला दिसलं की काही ठिकाणी काम अर्धवट राहिलं आहे, भिंत खडबडीतच आहे. पूर्ण झालेल्या भागापेक्षा तिला तो भाग जास्त आवडला, कारण तिथं माणसं काम करताना दिसत होती, असं ती म्हणाली. पुढच्या सहलीला आम्ही शनिवारवाड्यावर गेलो तेव्हा तिनं जोत्याच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा तोच." तोच काळा बसाल्ट. १७३० साली पाया घातलेल्या त्या वाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले आणि दगडी तट-दरवाजे राहिले. दख्खनचं पठार ज्या लाव्ह्यानं घडलं तो एका मुलीच्या हाताला दोन ठिकाणी लागला. भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रानं हे होत नाही.

पावसाळी दिवसासाठी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे कवी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला, देशभर हिंडून वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा घरातल्या, अगदी रोजच्या वापरातल्या आहेत. राजांच्या तलवारींपेक्षा मला तिथले अडकित्ते आणि वज्री बघायला आवडतात. सुपारी कातरायचा अडकित्ता, पण त्याला कुणी पोपटाचा आकार दिला, कुणी घोड्याचा. पाय घासायची पितळी वज्री, तिच्या पाठीवर पक्षी बसवलेला. अंघोळीच्या वेळी दोन मिनिटं हातात येणाऱ्या वस्तूवर कुणीतरी एवढी माया केली.

या संग्रहालयात आमच्या घरातला क्रम बदलतो. एरवी मोबाइल कसा वापरायचा हे मुलं आजीला शिकवतात. इथं आजी सांगते आणि मुलं ऐकतात. दिवा पाहून ती सांगते की यात किती तेल घालायचं आणि वात कशी वळायची. फणी पाहून सांगते की केसांतून उवा कशा काढायच्या, तेव्हा मुलं ओरडतात आणि आणखी विचारतात. काचेच्या आड ठेवलेल्या वस्तूंपैकी काही तिनं माहेरी वापरलेल्या आहेत. आजी कधीतरी लहान मुलगी होती, तिच्याही आईनं तिला हाक मारली होती, यावर मुलांचा खरा विश्वास तिथं बसला. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल बघताना भाचा म्हणाला, "आजी, तुझं घर पण असं ठेवायला पाहिजे होतं." आई हसली, पण तिला ते लागलं. तिचं नारायण पेठेतलं घर १९६१ साली गेलं.

ती गोष्ट तिनं मुलांना सांगितली ती खडकवासल्यावर. त्याआधी पाण्याच्या गोष्टीची सुरुवात आम्ही कात्रजला केली होती. प्राणिसंग्रहालयाच्या आवारातलं तळं बहुतेकांना नुसतं तळं वाटतं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी तिथं पाणी अडवलं आणि जमिनीखालून दगडी बांधणीच्या नळातून ते शहरात आणलं. पंप नाही, यंत्र नाही, फक्त उतार. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले, म्हणजे हवा निघून जावी आणि गाळ काढता यावा. पेठांतले हौद भरायचे ते या पाण्यानं. भाच्यानं घरी येऊन न्हाणीघरात पाइपाचा एक तुकडा आणि दोन बादल्या घेऊन उतार करून बघितला. पाणी सगळीकडे सांडलं, पण दुसऱ्या बादलीत पोहोचलं. त्या दिवशी त्याला कुणी रागावलं नाही.

खडकवासल्याला जायचं ते पावसाळ्यात. धरण भरलेलं असतं, पाण्याकडेला माणसांची ही गर्दी, कणसं भाजण्याचा वास, तापलेल्या तेलात कांदाभजी सोडल्याचा आवाज. कणीसवाली मावशी निखाऱ्यावर कणीस फिरवते, एका हातानं वारा घालते, दाणे तडतडायला लागले की लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून वरून खालपर्यंत घासून देते. सोलपट टाकायचं कुठं असं मुलीनं विचारलं तेव्हा तिनं पायाशी ठेवलेलं पोतं दाखवलं, "यात टाक गं बाई, गाईला होतंय." समोर एकोणिसाव्या शतकात बांधलेली धरणाची भिंत. तिच्यामागे वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. पुणं मुख्यतः या चार धरणांचं पाणी पितं.

कणीस खाऊन झाल्यावर आईनं सांगायला सुरुवात केली. १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचंही. लकडी पुलावरून पाणी गेलं. तिच्या आईनं चुलीवरचा भात तसाच टाकला आणि पोरांना घेऊन ती उंचावर निघाली. कुणी पर्वतीकडे, कुणी आणखी कुठं, जिकडे चढ दिसेल तिकडे लोक पळत होते. परत आले तेव्हा घराच्या मातीच्या भिंती बसलेल्या होत्या. गावात जिकडेतिकडे पाणी, आणि प्यायला थेंब नाही, कारण धरणच रिकामं झालेलं. मग विहिरी उपसून पाणी शेंदलं. आई हे सगळं शांतपणे सांगत होती आणि धरणाकडे बघत होती. मुलगी तिच्या अंगाला टेकून बसली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाच्यानं विचारलं, "आता असं होणार नाही ना?" मी त्याला मातीचं धरण आणि दगडी धरण, दरवाजे, पाणी सोडण्याआधी दिला जाणारा इशारा, हे जेवढं मला सांगता येत होतं तेवढं सांगितलं. नळाच्या पाण्यामागे भिंत असते आणि भिंतीमागे माणसं जागी असावी लागतात, हे त्या दिवशी मुलांना कळलं. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

तिथूनच पुढे सिंहगड. आमची पद्धत ठरलेली आहे. मुलं आणि मी अतकरवाडीतून पायवाटेनं चढतो, आई आणि बायको गाडीनं वर येतात आणि पुणे दरवाज्यापाशी आम्ही भेटतो. चढताना मुलांची तोंडं लाल होतात. दर थोड्या अंतरावर लिंबूसरबत आणि ताक विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. त्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून डोक्यावर ओझं घेऊन हीच वाट चढून आलेल्या असतात. ज्या चढाचं आपल्याला कौतुक वाटतं तो कुणाच्या तरी कामाचा रस्ता आहे, हे मुलांनी स्वतः बघितलं. वर देवटाक्याचं पाणी, मग चुलीवरची भाकरी, पिठलं, भरीत, ठेचा आणि मडक्यातलं दही. दह्यावर मुलांची भांडणं ठरलेली.

जेवणानंतर मी त्यांना डोणागिरीच्या कड्याकडे नेतो. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री हाच कडा चढून आले. ही गोष्ट मुलांना शाळेत येऊन गेलेली असते, सिनेमातही पाहिलेली असते, आणि सांगायला लागलं की ती आधीच पुढचं बोलतात. पण कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून खाली बघितल्यावर त्यांचं बोलणं थांबतं. भाच्यानं एकदा नुसतं विचारलं, "रात्री?" मी म्हटलं, "रात्री." त्यानं पुन्हा खाली पाहिलं. "आणि वर लढायचं पण होतं?" त्याच्या आवाजात जो आदर होता तो कुठल्याही भाषणातून आला नसता. आई तोपर्यंत तानाजींच्या समाधीपाशी हात जोडून आलेली असते. तिला कडा बघवत नाही, तिला समाधी हवी असते. एकाच गडावर प्रत्येकाला आपापलं काही मिळतं आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकजण दुसऱ्याला ते सांगत असतो. चांगलं सहलीचं ठिकाण मी यावरून ओळखतो.

थोडं लांब जायचं असेल तर लोणावळा लोकल आहे. शिवाजीनगरहून बसायचं, देहूरोड, तळेगाव, कामशेत मोजत जायचं आणि मळवलीला उतरायचं. तिथून भाजे गाव चालत येतं. लेण्याच्या पायऱ्या चढून गेलं की दोन हजार वर्षांहून जुनं चैत्यगृह समोर येतं. आतले दगडी खांब किंचित आत कललेले आहेत. आधी अशी सभागृहं लाकडाची असत, लाकडी खांब छताचा भार घ्यायला तिरपे लावत, तीच सवय कारागिरांनी दगडात उतरवली. छताला लाकडी फासळ्या आहेत. मुलांना खांबाशेजारी सरळ उभं करावं, म्हणजे कल त्यांना आपल्या पाठीनं कळतो. फेब्रुवारीच्या २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदला जावं. त्या परिसरातल्या शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून असतात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात, आणि विज्ञान दिनाच्या सुमारास ती शाळकरी मुलांसाठी खुली होते. कांद्याच्या शेताच्या बांधावरून दूरच्या दीर्घिकेचे संकेत टिपले जातात, ही कल्पना मुलीच्या डोक्यात अशी बसली की तिनं घरच्या स्टीलच्या ताटावर आवाज एकवटायचे प्रयोग केले. आणि थंडीत भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. कोळी बांधव नाव हळू नेतात, इंजिन बंद करून वल्ह्यानं. मुलांना इतका वेळ गप्प बसलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. परत किनाऱ्याला आलं की तळलेला ताजा मासा आणि ज्वारीची भाकरी.

या सगळ्या ठिकाणांना एक गोष्ट समान आहे. तिथं पैसा फार लागत नाही. बसचं किंवा लोकलचं तिकीट, कुठं थोडी प्रवेश फी, आणि घरून नेलेला डबा. आमच्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि गुळाचा खडा असतो. वयानुसार वाटलेली, तासावर पैसे मोजायची करमणूक शहरात आता भरपूर आहे. मुलं तिथं उड्या मारतात, आईबाप बाकावर बसून मोबाइल बघतात आणि आजी घरीच राहते. त्या जागांचं मला वैर नाही, वाढदिवसाला आम्हीही जातो. पण रविवारी संध्याकाळी सारसबागेच्या हिरवळीवर येरवड्याहून, हडपसरहून, बिबवेवाडीहून आलेली घरं शेजारी शेजारी बसलेली असतात. बांधकामावर काम करणारं जोडपं आपल्या बाळाला तिथं पहिली पावलं टाकायला लावतं आणि शेजारचं अनोळखी कुटुंब टाळ्या वाजवतं. हे माझ्या मुलीनं बघितलं. गावात आपल्यासारखीच आणि आपल्याहून वेगळी माणसं राहतात आणि बाग सगळ्यांची आहे, हे तिला तिथं कळलं.

म्हणूनच अशा जागांची निगा हा मला फार गंभीर विषय वाटतो. माझ्या आईसारखी बाई सहलीला येईल की नाही हे तिथल्या निसर्गशोभेवर ठरत नाही. ते ठरतं स्वच्छतागृहावर, पायऱ्यांना कठडा आहे का यावर, दर पन्नास पावलांवर टेकायला बाक आहे का आणि प्यायचं पाणी आहे का यावर. किती घरांतल्या म्हाताऱ्या बायका "तुम्ही जा, मला काही बघायचं नाही" म्हणून मागे राहतात, आणि घरच्यांना वाटतं त्यांना हौस नाही! त्यांना हौस असते. त्यांना अडचण सांगायची लाज वाटते. एक स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह गडावर किंवा लेण्याशी झालं तर एक आख्खी पिढी पुन्हा सहलीला येईल आणि तिच्याबरोबर तिच्या गोष्टी येतील. पानशेतची गोष्ट मी सांगितली असती तर ती माहिती झाली असती. आईनं सांगितली म्हणून ती मुलांना लागली.

आपल्याकडे मुलांसाठी अशा जागा करून ठेवणारी माणसं आहेत. मुलाच्या दुःखातून केळकरांनी सगळ्यांच्या मुलांसाठी संग्रहालय दिलं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली, आणि अरविंद गुप्तांनी तिथं काड्या, झाकणं, रिकाम्या बाटल्या यांतून मुलांना विज्ञान दाखवलं. कात्रजच्या सर्पोद्यानाच्या उभारणीत नीलिमकुमार खैरे यांच्यासारखा सापांवर जीव असलेला माणूस होता, म्हणून आज पुण्यात साप दिसला की काठीऐवजी फोनकडे हात जाणारी घरं आहेत. मुलांसाठी जागा करणं हे गावाचं मोठं काम आहे असं मानणाऱ्यांची ही परंपरा आहे, आणि ती चालू ठेवायला आपल्यातल्या प्रत्येकाला पैसेवालं असावं लागत नाही. जागा वापरावी लागते, स्वच्छ ठेवावी लागते, आणि ती जायला लागली तर बोलावं लागतं.

वेताळ टेकडीवरून आणि तिच्या पोटातून रस्ते, बोगदे काढायचे बेत निघाले तेव्हा हजारो पुणेकर बोलले. पत्रं लिहिली, सभा घेतल्या, रस्त्यावर चालले. त्यांत तरुण मुलं पुष्कळ होती. मी त्यांतल्या काहींशी बोललो. जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात हे आलं की लहानपणी आजोबा किंवा बाबा पहाटे टेकडीवर न्यायचे, मोर दाखवायचे, खाणीतलं पाणी दाखवायचे, उतरल्यावर पोहे मिळायचे. पर्यावरणावरचे अहवाल त्यांनी नंतर वाचले. आधी पायाखाली ती वाट होती. कुणा मुलाला आज दगडाचा घाव बोटानं कळला, धरणाची भिंत आजीच्या शेजारी बसून कळली, तर उद्या त्या दगडाचं आणि त्या पाण्याचं काय करायचं हे ठरवताना तो मोठा झालेला माणूस गप्प बसणार नाही. रविवारचा एक दिवस मुलांना देताना आपण गावाला पुढची चाळीस-पन्नास वर्षं जपणारं एक माणूस देत असतो, असं मी मनापासून मानतो.